एकाच तारेवरचे मानकरी

आमच्या जिनिंग सोसायटीच्या संचालकांना टेलिफोन हवा होता, तो बोलण्यासाठी नव्हे. बोलायला त्यांना टेलिफोनची कधी गरज पडली नाही. पंजाबराव आपल्या ओट्यावर खाकरले तरी शिवेवरची माणसं हातातलं काम सोडून उभी राहत. टेलिफोन हवा होता तो बैठकीत ठेवायला, सोयरेधायरे आले की त्यांच्या नजरेत भरावा म्हणून.

अर्जात कारण वेगळं लिहिलं होतं, आणि गंमत म्हणजे ते खरं होतं. आमची सोसायटी चांदूर बाजारच्या अंगाला. दिवाळी सरली की पाच गावांच्या कापसाच्या गाड्या एकदमच जिनिंगच्या फाटकाशी येऊन पडायच्या. बैल जागच्या जागी ताटकळायचे, माणसं गाडीखाली झोपायची, आणि मागच्या गाडीचा बैल पुढच्या गाडीतला कापूस खातो यावरून रोज एक तरी डोकं फुटायचं. कोणत्या गावानं कोणत्या दिवशी यायचं हे आदल्या दिवशी कळवता आलं असतं तर हा तमाशा टळला असता. तार टाकायची ती एवढ्यासाठी.

अध्यक्ष वामनराव अकोल्याला लिलावात गेले आणि लढाईच्या वेळचे मिलिटरीचे जुने टेलिफोन घेऊन आले. सोबत ताजनापेठेतला एक मिस्त्रीही आणला. हा मिस्त्री लढाईत ब्रह्मदेशात तारा ओढून आलेला. निदान तो तसं सांगायचा, आणि दर खेपेला सांगताना जपानी अजून थोडे जवळ आलेले असायचे. पण माणूस कामाचा होता. पाच गावांना पाच तारा परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून त्यानं एकच तार ओढली आणि वाटेतली पाचही घरं तिलाच जोडली.

आता एका तारेवर पाच घरं म्हटल्यावर नेमक्या एकालाच हाक कशी मारायची? त्यासाठी त्यानं प्रत्येक टेलिफोनखाली एक लाकडी डबा बसवला. डब्यात पितळी चाक, चाकाला भोकं आणि एका भोकात खुंटी. ऑफिसात मी दांडा फिरवला की तारेतून टोला जायचा, आणि पाचही घरांतली चाकं एक-एक दात पुढे सरकायची. टोले थांबले की ज्या घरची खुंटी नेमकी घंटीसमोर आली असेल त्याच घरची घंटी वाजायची. बाकीची चाकं मुकाट्यानं मागं फिरायची. खुंटी काढून दुसऱ्या भोकात घातली की त्या घराचा नंबर बदलला, इतकं ते सोपं होतं.

“तार एकच आहे ना बाई,” मिस्त्री मला म्हणाला, “तं एका टायमाले एकच बोलन, बाकी सब चूप. कोनाले बोलवाचं ते तुमी ठरवाचं. मोटरले ड्रायवर असते ना, तशा तुमी या तारेच्या ड्रायवर. एकच ध्यानात ठेवा. दोन घरच्या खुंट्या एका भोकात गेल्या की समजा खेल खतम.”

तेव्हापासून बाजारात मला ड्रायवरबाई म्हणू लागले. लोक हसायचे. मला मात्र ते नाव आवडलं, कारण त्याआधी मी ‘पातूरची टाकलेली’ होते. नवऱ्यानं दुसरी केली आणि मला पातूरला भावाच्या दारात आणून सोडलं. भावजय तोंडानं कधी वाकडं बोलली नाही, तिची भांडी बोलायची. मी सातवी पास, म्हणून ही हंगामी नोकरी मिळाली आणि तेलघाणीच्या मागं एक खोली मिळाली. खोली कसली, खुराडंच. पण त्याच्या दाराला मी स्वतः आणलेलं कुलूप होतं. दिवसातून कितीदा तरी मी उगाच कमरेची किल्ली चाचपून बघायची. वामनरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की तार चालली तर जागा पक्की. नाही चालली तर यंत्र अकोल्याला भंगारात आणि मी पातूरला. मला पातूरला परत जायचं नव्हतं. मेले तरी नव्हतं.

मिस्त्रीनं खुंट्या घातल्या त्या खांबांच्या क्रमानं. तारेवर पहिलं घर कोळंबीच्या नत्थुजींचं, म्हणून त्यांना एक टोला. मग बोरखेडचे पंजाबराव, त्यांना दोन. टाकळीचे किसनराव, तीन. त्यापुढं अध्यक्ष वामनरावांचं गाव, म्हणून त्यांना चार. आणि तारेच्या शेवटी हिवरा. तिथं देवमन, पाच. मिस्त्रीला वाटलं, झालं काम. अकोल्याच्या माणसाला आमची माणसं कुठून माहीत असणार?

दुसऱ्याच दिवशी सभा भरली.

“आमच्या गावात पोळ्याले तोरनाखालून पयली जोडी आमची जाते,” पंजाबराव म्हणाले. “आज्याच्या वक्तापासून. आन् इथी मी दोन नंबर?”

“होळीत पयला नारळ आमचा,” किसनराव म्हणाले. “तीन नंबर घेऊन मी गावात तोंड कसं दाखवू?”

नत्थुजी दम्याचे. त्यांची जमीन चौघांत कमी, आवाजही कमी, पण त्या दिवशी ते छाती काढून बसले होते. “मी काई एक नंबर मांगाले गेलो नोतो. तारेनं देल्ला. आता देल्लेला मान वापस करनं म्हंजे आमच्या खानदानाले बट्टा.”

वामनराव तर अध्यक्ष असून चार नंबर! घरी बायकोनं, दुर्गाबाईंनी, त्यांना त्यावरून काय ऐकवलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मला राहवलं नाही. “नंबर म्हंजे मान नाई जी. तो नुसता पत्ता आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. टेबल बोलल्यावर माणसं टेबलाकडे पाहतील तसं. मग पुन्हा भांडायला लागले.

शेवटी वामनरावांना स्फुरण चढलं. ते उभे राहिले. “सहकार म्हंजे काय? सहकार म्हंजे सगळे सारखे! म्हनून मी म्हंतो, सगळ्यायले एक!” काय टाळ्या पडल्या! नत्थुजींचा मान गेला नाही, बाकीच्यांना तो मिळाला. असा निकाल द्यायला अध्यक्षच लागतो. मिस्त्री कोपऱ्यात विडी ओढत होता. त्याला ठसका लागला.

“आन् देवमनचं?” किसनरावांनी विचारलं.

देवमन दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. त्याची खुर्ची कोणी तिथं ठेव म्हणून सांगत नसे, ती आपोआप तिथं असायची. तसाच त्याचा कपही आपोआप वेगळा, खिडकीत असायचा. छप्पन साली तो आणि त्याचे लोक नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले होते. हिवऱ्यात सोसायटीचे भाग घेतलेल्यांत त्यांचीच घरं जास्त, म्हणून मतं त्याला पडली आणि तो संचालक झाला. मतपेटीला काही खिडकीत ठेवता येत नाही, त्यामुळे बाकीच्यांचा नाइलाज झाला.

“त्याचं राहू द्या पाचच,” पंजाबराव म्हणाले. “त्याची तार शेवटीच आहे तशी.”

“मले चालते,” देवमन म्हणाला. तेवढंच.

मिस्त्रीनं चारही घरांतल्या खुंट्या एकाच्या भोकात घातल्या आणि पिशवी उचलली. मोटारीत बसताना मला म्हणाला, “ड्रायवरबाई, आता अल्ला मालिक.”

नंतर जे झालं ते बैलालाही कळलं असतं. मी एकदा दांडा फिरवला की चार घरांत घंटी वाजायची, चौघंही उचलायचे आणि चौघंही ओरडायचे. चौघांनी उचललं की तारेतला जोर चार वाटांनी वाटला जायचा आणि माझा आवाज त्यांना डासाएवढा ऐकू यायचा. त्यामुळे ते आणखी ओरडायचे. थोड्या दिवसांनी मात्र एकदम शांतता झाली. कारण असं, की जो आधी ‘कोन आहे?’ म्हणायचा त्याला दुसरा ‘तू कोन?’ म्हणायचा, आणि मग आधी बोललेल्याला आपलं नाव सांगावं लागायचं. आपल्याकडे आधी नाव सांगतो तो लहान. म्हणून चौघंही टेलिफोन कानाला लावून दुसरा कधी बोलतो याची वाट पाहत बसू लागले. मला नुसते श्वास ऐकू यायचे. नत्थुजींची छाती घरघरायची. पंजाबराव सुपारी चावायचे. किसनराव अधूनमधून नाक ओढायचे. मी श्वासांवरून माणसं ओळखायला शिकले. मिस्त्रीनं ही विद्या काही मला शिकवली नव्हती.

“टाकळीवाल्यांनी उद्या गाड्या आणा,” असं मी त्या शांततेत ओरडायची. ऐकू यायचं ते चौघांना, आणि अर्धवट. ‘उद्या’ आणि ‘गाड्या’ एवढं सगळ्यांना कळायचं. दुसऱ्या दिवशी चारही गावं फाटकाशी हजर! टेलिफोन नव्हता तेव्हा गाड्या चुकून एकाच दिवशी यायच्या. आता त्या निरोप मिळून येऊ लागल्या.

मी वामनरावांना सांगितलं, खुंट्या वेगळ्या करू द्या. त्यांनी बराच विचार केला. “खुंटीले हात लावू नका,” ते म्हणाले. “पन माह्यासाठी दांडा फिरवता ना, तो जरा अदबीनं फिरवत जा. मले समजन.”

हिवऱ्याचं मात्र काहीच अडत नव्हतं. बाकी घरांत टेलिफोन बैठकीत, त्यावर विणलेला रुमाल आणि बायकांनी शिवायचं नाही असा दंडक. देवमनच्या घरी तो चुलीजवळच्या कोनाड्यात होता. पाच टोले दिले की त्याची बायको जाईबाई पिठाच्या हातानं उचलायची. “हिवरा. सांगा.” मी सांगायची, ती ऐकलेलं परत म्हणून दाखवायची, संपलं. हिवऱ्याच्या गाड्या आपल्या दिवशी यायच्या आणि दिवस मावळायच्या आत रिकाम्या होऊन परत जायच्या. फाटकावरची माणसं तोंडात बोटं घालायची. ‘पाच नंबरवाले’ म्हणून त्यांच्याकडे बघायची.

मग मी माझ्या डोक्यानं चालले. बाकी चार गावांचे निरोपही हिवऱ्यालाच देऊ लागले आणि देवमन ते सायकलीवरून पोचवू लागला. त्यात माझी नोकरी होती हे त्याला ठाऊक होतं, पण त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. पंजाबरावांच्या बैठकीत तारेनं आत शिरून गादीशेजारी जागा पटकावली होती. त्या तारेचा निरोप घेऊन येणारा माणूस फाटकाबाहेर सायकल धरून उभा राहायचा. पंजाबराव ओट्यावरून विचारायचे, “काय म्हंते बे तार?” तो सांगायचा. मग आत जाऊन ते पाहुण्यांना ऐटीत म्हणायचे की आत्ताच ऑफिसातून टेलिफोन होता.

हंगामाच्या शेवटी अमरावतीहून साहेब आले, तार बघायला. त्यांनी शिफारस केली तर माझ्या जागेला मंजुरी. वामनरावांनी बाकी संचालकांना घरी टेलिफोनजवळ बसून राहायला सांगितलं होतं, आणि स्वतः साहेबांशेजारी ऑफिसात बसले होते. साहेब पुण्याकडचे, गोरे, घामेजलेले. त्यांनी स्वतःच दांडा धरला आणि एकदा फिरवला.

चार घरांत टेलिफोन उचलले गेले. मी त्यांना सांगायला तोंड उघडणार तोच वामनरावांनी डोळे वटारले.

“हॅलो,” साहेब म्हणाले.

शांतता. घरघर, सुपारी, नाक. चौथा श्वास बांगड्यांचा होता. अध्यक्षांच्या घरी दुर्गाबाईंनी उचललं होतं.

“हॅलो, कोण बोलतंय?”

अध्यक्षांचा दंडक दुर्गाबाईंनी मोडला. “साहेब आला का जेवाले? पुरनाच्या पोळ्या लाटून माह्ये हात मोडले. त्याले म्हना, खाय आन् जाय एकदाचा!”

“हे कोनाची बाई बोलून राहिली बे मधात?” पंजाबराव गरजले.

“तू कोन?” किसनरावांनी विचारलं.

“मी कोन? मी कोन म्हंते हा! तू कोन?”

“माह्या दोन कोंबड्या नेल्या वामनरावानं साहेबासाठी,” नत्थुजी धापा टाकत म्हणाले, “आन् वरून पुरनपोळ्या? हा साहेब आहे का खादाड गिधाड?”

साहेबांनी टेलिफोन कानापासून लांब धरला होता, त्यामुळे सगळ्या ऑफिसला ऐकू येत होतं. वऱ्हाडी त्यांना अर्धीच कळत होती आणि तेवढ्यावरच सोसायटी वाचली. “बाई, ही काय भानगड आहे?” त्यांनी मला विचारलं.

किल्ली कमरेला टोचत होती. “साहेब,” मी म्हटलं, “आता पाच वेळा फिरवून पाहा.”

चौघं टेलिफोन आपटून मोकळे झाल्यावर त्यांनी पाच टोले दिले.

“हिवरा. सांगा,” जाईबाई म्हणाली.

साहेबांनी विचारलं, उद्या कोणत्या गावाच्या गाड्या? तिनं सांगितलं. परवाच्या? तेही सांगितलं. बोरखेडचा निरोप पोचला का? “हाव जी, मालक सायकलनं सांगून आले.” साहेबांचा चेहरा उजळला. जाताना ते सगळ्यांसमोर म्हणाले, की तार उत्तम आहे, बाई हुशार आहेत आणि पाच नंबरचं केंद्र आदर्श आहे. बाकीच्यांनी त्याचा कित्ता गिरवावा. माझ्या जागेला त्यांनी मान्यता दिली. आता संचालक मंडळानं ठराव करायचा, एवढंच राहिलं.

कित्ता गिरवावा! त्या शब्दानं घात केला. आठवड्याच्या आत पाच हा आकडा थोर झाला. पांडव पाच, प्राण पाच, अमृत पाच पदार्थांचं, आणि हाताला बोटं तरी किती? किसनरावांना कोणा शास्त्र्यानं सांगितलं की एक हा आकडा म्हणजे एकटेपणा, अशुभच. पुढच्या सभेत चौघंही पाच मागणार हे पानठेल्यावरसुद्धा माहीत झालं.

सभेच्या आधी दुपारी देवमन जिनिंगच्या अंगणात आला. मी सरकीच्या ढिगाजवळ उभी होते.

“शकुनबाई, मी सभेत बोलनार आहो,” तो म्हणाला. “पयले म्हनीन, चिठ्ठ्या टाका. ज्याले जो नंबर निघन तो त्याचा. नाई आयकलं, तं म्हनीन सगळे पाच घेऊन राह्यले तं मलेही पाच द्या.”

“चिठ्ठ्या ते टाकनार नाई, देवमनभाऊ. आन् पाचही जन एका खुंटीवर बसले, तं मी बोलू कोनाशी? तार मेली म्हनून समजा.”

“मालूम आहे.”

“मंग माह्यं काय? तुमाले वेगळं ठेवलं म्हनून तं तुमचा टेलिफोन चालते!”

“तेच तं नाई पाह्यजे मले,” देवमन म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्यानं सायकलीची मूठ घट्ट धरली होती. “लोक म्हंतात, देवमनचा बरा आहे टेलिफोन. बरा नाई, बाई. मले बाजूले काढलं होतं, त्याचा तो फायदा आहे. असा फायदा आमाले लय पिढ्यांपासून आहे. गावात राहाची जागा वेगळी, हिर वेगळी. मोकळी हवा भेटते म्हनून खूश राहाचं का?”

मला राग आला. त्याचा नव्हे, पण समोर तोच होता. “तुमच्या बरोबरीसाठी मी पातूरले जाऊ का?” मी म्हटलं.

“तुमी जाऊ नये,” तो म्हणाला. “पन मी मांगू नये, असं मात्र मले सांगू नका.”

सभेला मी नेहमीप्रमाणे टेलिफोनजवळ बसले. टेबलावर पेढ्यांचा पुडा होता, माझ्या ठरावासाठी आणलेला. पहिल्या विषयाला चौघांनी पाच मागितले आणि चौघांनी एकमेकांना ते देऊन टाकले. वामनरावांनी पंचमहाभूतांवर दोन शब्द सांगितले. मग ते म्हणाले, “एक नंबर आता रिकामा झाला. तो देवमनले द्या.”

ज्या एकासाठी दोन महिन्यांपूर्वी मुडदे पडायची वेळ आली होती, तो आता असा उष्ट्या पत्रावळीसारखा पुढं सरकवला गेला. कोणाला हसूही आलं नाही.

देवमन उभा राहिला. “चिठ्ठ्या टाका,” तो म्हणाला.

“चिठ्ठ्या काय पोट्ट्यायचा खेळ आहे का?” पंजाबराव म्हणाले. “अध्यक्षाले तीन निघाला म्हंजे?”

“तं मंग मलेही पाच द्या. सहकार म्हंजे सगळे सारखे, असं अध्यक्षच म्हनले होते.”

असं काही शांत झालं ते ऑफिस! टेलिफोनवर ऐकायची तेच श्वास मला आता समोरासमोर ऐकू येत होते. आणि मी काय करत होते? मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते, की देवा, यांना सुबुद्धी देऊ नको. आज एक दिवस यांची मनं अशीच कोती राहू दे. हो म्हणू नयेत यांनी. ज्यांच्या कोतेपणावर मी दोन महिने जळत होते, त्याच कोतेपणाला माझं पोट नवस बोलत होतं.

देवाला विशेष मेहनत पडली नाही.

“देवमन, आमची काई ना नाई,” वामनराव गोड आवाजात म्हणाले. “आमच्या मनात तसलं काई नाई. जमाना बदलला. पन त्याच्यात टेक्निकल अडचन आहे.” ते माझ्याकडे वळले. “काहून, शकुनबाई? देवमनले पाच देल्ले तं टेक्निकल अडचन होईन का नाई?”

चौघांच्या माना माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदाच त्यांना माझं मत हवं होतं. देवमनही बघत होता. खरं सांगायचं तर अडचण होतीच.

“अडचन आहे,” मी म्हटलं. “पन तीच अडचन तुमी चौघं एका खुंटीवर बसल्यानंही—”

“बस, बस, आलं ध्यानात,” वामनराव म्हणाले. “बाईनंच सांगतलं. टेक्निकल अडचन आहे.”

“मी पुरं बोलली नाई अजून!”

“एका टायमाले एकानंच बोलावं, बाई,” किसनराव म्हणाले, आणि सगळे हसले.

देवमनला एक नंबर मंजूर झाला. हात वर झाले ते चार. पाचवा, त्याचा, खालीच राहिला, पण ठराव सर्वानुमते म्हणून वाचला गेला. लगेच माझा विषय निघाला. तार समाधानकारक चालत आहे, सबब ऑपरेटरची जागा कायम करण्यात यावी. त्यालाही हात वर झाले. या वेळी पाच होते.

मला आनंद झाला होता. झाला नव्हता असं कसं म्हणू? कुलूप माझं राहिलं, खोली माझी राहिली. आणि त्याच वेळी टेबलावरची दौत उचलून त्या चार टोप्यांवर ओतावी असं वाटत होतं. दोन्ही एकाच पोटात होतं.

संचालक चहाला उठले. देवमननं खिडकीतल्या कपाला हात लावला नाही. जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला.

“नोकरी पक्की झाली, शकुनबाई. चांगलं झालं,” तो म्हणाला. त्याला खरंच चांगलं वाटलं होतं, हे मला दिसत होतं, आणि त्यामुळेच माझी मान वर होईना. “आता तुमी बेफिकीर राहा. माह्या बरोबरीले बसाले यायच्यातला कोनी तयार होत नाई, तोवर तुमची तार बंद पडत नाई.”

तो गेला. वामनरावांनी पुडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, घ्या, लाजू नका. मी पेढा घेतला आणि खाल्ला. तो गोड होता, आणि मला त्याचाच राग आला.